सेकंदाला दहा लाख अंश : शीतनदर आणि धातुकाचेची सूक्ष्मरचना यांचा इतिहास

धातुविज्ञानाच्या पहिल्या वर्षी 'सूक्ष्मरचना' हा शब्द तुम्हाला भेटतो तो कण, कणसीमा, डेंड्राइट, पर्लाइट, मार्टेन्साइट यांच्या संगतीत. नमुना घासायचा, आरशासारखा चकचकीत करायचा, आम्लाने कोरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही तुमची प्रयोगशाळेतली रीत. धातुकाचेचा चांगला नमुना याच रीतीने तयार करून पाहिलात तर मात्र भिंगाखाली काहीच दिसत नाही. कण नाहीत, कणसीमा नाहीत, आणि आम्लाने आधी कुरतडावी अशी कमकुवत रेषाही कुठे नाही. मग 'शीतनदराचा धातुकाचेच्या सूक्ष्मरचनेवर होणारा परिणाम' या प्रश्नाचे उत्तर लिहायचे तरी कशाबद्दल?

१९६० पासून आजवर या प्रश्नाचा अर्थच बदलत गेला आहे, म्हणून या पाठात आपण तो इतिहासाच्या वाटेने समजून घेऊ. पाठ्यपुस्तकांत हा इतिहास बहुधा एका सरळ रेषेसारखा मांडलेला असतो. १९६० साली धातूची काच करायला सेकंदाला दहा लाख अंशांचा वेग लागत होता, १९९० च्या दशकात सेकंदाला एक अंशही पुरू लागला. आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून अशी समजूत होते की जुनेच काम लोक हळूहळू सावकाश करायला शिकले. तसे घडले नाही. सोने-सिलिकॉनची १९६० ची मिश्रधातू आजही सावकाश थंड केली तर स्फटिकच देईल. बदलली ती मिश्रधातू. शीतनदर आणि स्फटिकीकरण यांच्यातली शर्यत जशी होती तशीच आहे.

पाक, खडीसाखर आणि चिक्की

मूळ कल्पना स्वयंपाकघरातून घेऊ. साखरेचा दाट द्राव दोऱ्यावर कित्येक दिवस संथपणे ठेवला की खडीसाखरेचे टपोरे स्फटिक धरतात. तोच पाक अधिक आटवून ताटात पातळ ओतला की काही मिनिटांत कडक, कडकन मोडणारा थर मिळतो, चिक्कीत दाण्यांना धरून ठेवतो तसा. हा थर म्हणजे काच आहे. रेणूंना रांगेत उभे राहायला वेळच मिळालेला नसतो. द्रव इतका घट्ट होतो की त्याची हालचाल गोठते, आणि द्रवातली अव्यवस्था घनरूपात तशीच राहते. ज्या तापमानाच्या आसपास हे घडते त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात.

साखरेचे रेणू मोठे आणि अवघडलेले असतात, खिडकीच्या काचेत सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी असते. दोन्ही द्रव मुळातच चिकट. वितळलेल्या धातूची गोष्ट वेगळी. त्याची श्यानता पाण्याच्या जवळपास असते, आणि त्यातले अणू म्हणजे जवळजवळ साधे गोळे. असे गोळे शिस्तीत रचायला काही कष्ट पडत नाहीत. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांचे मत असे होते की द्रवापासून धातूची काच होणे जवळपास अशक्य आहे.

१९६० च्या आधीचे धागे

द्रव गोठणबिंदूच्या खालीही द्रवच राहू शकतो, हे पाण्याबाबत फॅरेनहाइट यांनी १७२४ मध्येच नोंदवले होते. धातूंबाबत ते ठामपणे दाखवले अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील डेव्हिड टर्नबुल यांनी. त्यांची युक्ती साधी होती. धातूचा मोठा गोळा घेतला तर त्यात कुठेतरी एखादा अशुद्ध कण असतोच, आणि स्फटिक त्याच्यावर सुरू होतो. धातूचे बारीक बारीक थेंब केले तर बहुतेक थेंबांत असा कण नसतो. १९५० च्या सुमारास त्यांनी आणि सीच यांनी दाखवले की निकेलचे असे थेंब गलनबिंदूच्या ३०० अंशांहून अधिक खाली नेले तरी द्रव राहतात. धातूचा द्रव वाटला होता त्यापेक्षा स्फटिकीकरणाला बराच अधिक विरोध करतो, हे यातून कळले.

त्याच काळात अस्फटिकी धातू दुसऱ्या वाटांनी मिळालेही होते. अब्नर ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये विद्युत्विलेपनाने निकेल-फॉस्फरसचे अस्फटिकी थर मिळवले. जर्मनीत बुकेल आणि हिल्श यांनी अतिथंड पृष्ठावर धातूची वाफ बसवून अस्फटिकी पापुद्रे केले. पण या दोन्ही वाटांत द्रव कुठेच नव्हता. वितळवून ओतलेल्या धातूची काच अजून कुणी पाहिली नव्हती.

ड्युवेझ यांचा थेंब

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले पोल ड्युवेझ हे जन्माने बेल्जियन. त्यांना काच हवी नव्हती, हे लक्षात ठेवा. त्यांचा प्रश्न तांबे आणि चांदीबद्दल होता. तांबे-सोने आणि चांदी-सोने या जोड्या हव्या त्या प्रमाणात एकमेकांत मिसळून एकच घन विद्राव देतात. तांबे-चांदीची स्फटिकरचना एकच, अणूंच्या आकारातला फरक ह्यूम-रॉदरी यांच्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत, तरीही घनरूपात ही जोडी फुटते आणि तिच्यात दोन वेगळ्या प्रावस्था तयार होतात. ड्युवेझ यांना वाटले, ही फुटण्याची प्रक्रिया विसरणावर अवलंबून आहे, म्हणजे तिला वेळ लागतो. तो वेळच दिला नाही तर?

त्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रकारची बंदूक बनवली. वितळलेल्या मिश्रधातूचा छोटासा थेंब वर, खाली तांब्याची वक्र पट्टी. वरच्या कप्प्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. मधला प्लास्टिकचा पातळ पडदा फुटला की धक्कालहर थेंबाला फोडून तांब्यावर आपटते, आणि तिथे काही मायक्रॉन जाडीचा, फाटकातुटका पापुद्रा उरतो. तांबे उष्णता इतक्या वेगाने ओढून घेते की शीतनदर सेकंदाला लाख ते दहा लाख अंशांच्या घरात जातो. तांबे-चांदीचा अखंड घन विद्राव खरोखरच मिळाला.

मग याच बंदुकीतून इतर मिश्रधातू झाडून पाहण्याचे सत्र सुरू झाले. अणूंच्या प्रमाणात सुमारे २५ टक्के सिलिकॉन असलेल्या सोन्याच्या पापुद्र्याचा क्ष-किरण विवर्तन आलेख काढला तेव्हा त्यात स्फटिकाची टोकदार शिखरे नव्हती. द्रवाच्या आलेखात असतो तसा एक पसरट उंचवटा तेवढा होता. क्लेमेंट, विलेन्स आणि ड्युवेझ यांनी सप्टेंबर १९६० मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे जेमतेम पान-दोन पानांत जाहीर केले. ही काच फार नाजूक होती. साध्या खोलीच्या तापमानालाही ती दिवसभरात दुसऱ्या रचनांत बदलू लागे, त्यामुळे आलेख लगेच काढावे लागत. पुढे ज्यावर मोठा उद्योग उभा राहिला त्या पदार्थाचा पहिला नमुना दोन दिवसही धड टिकला नाही.

पापुद्र्यातला तापमापक

शीतनदर सेकंदाला दहा लाख अंश आहे, हे मोजले कसे? थेंब आपटून थंड होण्याचा सगळा कारभार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत उरकतो. १९६५ मध्ये प्रेडेकी, म्युलेंडोर आणि ग्रँट यांनी पट्टीवरच तापयुग्म बसवून थेट मोजमापाचा प्रयत्न केला. मला त्याहून सुंदर वाटते ती १९६८ मध्ये मतिया, गीसेन आणि ग्रँट यांनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर वापरलेली पद्धत, कारण तिथे सूक्ष्मरचनाच मोजपट्टी बनते.

साध्या ओतकामात डेंड्राइटच्या फांद्यांमधले अंतर शीतनदरावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहात. नियम ढोबळमानाने असा की हे अंतर शीतनदराच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दर हजारपट झाला तर अंतर दहापट घटते. सावकाश थंड होणाऱ्या ओतिवांत दर आणि अंतर दोन्ही सहज मोजता येतात. त्यावरून मिळालेली रेषा पुढे वाढवायची, पापुद्र्यातले अंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, आणि दर वाचून घ्यायचा. यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. एकाच पापुद्र्यात शीतनदर एकसारखा नसतो. तांब्याला नीट चिकटलेला पातळ भाग फार वेगाने थंड झालेला असतो, जाड किंवा उचललेला भाग त्यामानाने मंद. काचनिर्मितीच्या उंबरठ्यावरच्या मिश्रधातूत त्यामुळे पातळ भाग निर्विशेष काच, जाड भाग स्फटिकी आणि मध्ये काचेत विखुरलेले सूक्ष्म स्फटिक अशा तिन्ही रचना एकाच नमुन्यात मिळू शकतात. परीक्षेतल्या उत्तरात 'या मिश्रधातूचा शीतनदर अमुक' असे लिहिताना हा पापुद्रा डोळ्यांपुढे असू द्या.

भारतात या विषयाची नोंद लवकर घेतली गेली. बनारस हिंदू विद्यापीठातले टी. आर. अनंतरामन आणि सी. सूर्यनारायण यांनी १९७१ मध्ये 'जर्नल ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये द्रवावस्थेतून केलेल्या शीघ्रशीतनाच्या पहिल्या दशकाचा समग्र आढावा लिहिला. त्या काळात या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यासाठी तो महत्त्वाचा संदर्भ होता.

शर्यत आणि तिचे नाक

सोने-सिलिकॉनच का, या प्रश्नावर कोहेन आणि टर्नबुल यांनी १९६१ मध्येच बोट ठेवले. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण सुमारे १९ टक्के सिलिकॉन मिसळले की युटेक्टिक बिंदूवर मिश्रधातू ३६३ अंशांपर्यंत द्रव राहते. ही दरी असामान्यपणे खोल आहे. द्रवाला गलनबिंदूपासून काचसंक्रमण तापमानापर्यंतचा धोक्याचा पट्टा पार करायचा असतो. खोल युटेक्टिकपाशी हा पट्टाच अरुंद होतो. टर्नबुल यांनी यासाठी काचसंक्रमण तापमान भागिले द्रवरेषेचे तापमान, दोन्ही केल्विनमध्ये, हे गुणोत्तर पुढे केले. ते दोन-तृतीयांशाजवळ असेल तर केंद्रकीभवन इतके मंदावते की सावकाश शीतनातही काच मिळावी. ते अर्ध्याच्या आसपास असेल तर बंदुकीसारख्या वेगाशिवाय गत्यंतर नाही.

हीच गोष्ट आलेखावर पाहू. १९७२ मध्ये उल्मन यांनी आणि नंतर धातूंसाठी डेव्हिस यांनी काल-तापमान-रूपांतर आलेख काचनिर्मितीला लावला. पोलादासाठी तुम्ही काढता तोच हा आलेख. उभ्या अक्षावर तापमान, आडव्या अक्षावर मोजता येईल इतका अल्पसा भाग स्फटिकी व्हायला लागणारा वेळ. वक्र इंग्रजी 'सी' अक्षरासारखा येतो. वर, गलनबिंदूजवळ, स्फटिक बनण्याची ओढच कमी, म्हणून वेळ जास्त. खाली, काचसंक्रमणाजवळ, ओढ भरपूर पण अणूंना हलता येत नाही, म्हणून पुन्हा वेळ जास्त. मध्ये कुठेतरी सर्वांत कमी वेळ, ते या वक्राचे नाक. शीतनाची रेषा नाकाला न शिवता पुढे गेली तर काच, शिवली तर स्फटिक. नाकाला जेमतेम चुकवणारा दर म्हणजे क्रांतिक शीतनदर.

हा दर मिश्रधातूच्या नावाबरोबर पाठ करण्याजोगा स्थिरांक नाही, हे इथे सांगून ठेवतो. नाकाची जागा द्रव किती स्वच्छ आहे यावर बदलते. झिर्कोनियमच्या मिश्रधातूंत अल्पसा ऑक्सिजन शिरला तरी क्रांतिक दर कितीतरी पटींनी वाढतो. मूसेची भिंत, तरंगणारे ऑक्साइडचे कण, द्रव आधी किती तापवला होता, सगळ्याचा त्यात हिशेब असतो.

चाक, फीत आणि तिच्या दोन बाजू

बंदुकीच्या फाटक्या पापुद्र्यांवर संशोधन चालते, उद्योग चालत नाही. १९६९ मध्ये पाँड आणि मॅडिन यांनी द्रवाची धार फिरत्या ढोलाच्या आतल्या पृष्ठावर सोडून सलग फीत काढली. १९७० मध्ये चेन आणि मिलर यांनी उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून द्रव दाबून एकसारख्या जाडीची पट्टी मिळवली. अखेर रूढ झाली ती वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकाच्या परिघावर द्रवाची धार सोडण्याची पद्धत. चाकाच्या पृष्ठाचा वेग सेकंदाला २० ते ४० मीटर, आणि फितीची जाडी २० ते ५० मायक्रॉन.

दरम्यान ड्युवेझ आणि लिन यांनी १९६७ मध्ये लोह-फॉस्फरस-कार्बनची चुंबकीय काच केली होती. चेन आणि पोल्क यांनी अमेरिकेतल्या ॲलाइड केमिकल कंपनीत लोह-निकेल-फॉस्फरस-बोरॉनच्या काचा विकसित केल्या, आणि 'मेटग्लास' या नावाने त्या बाजारात आल्या. त्याच कंपनीतले एम. सी. नरसिंहन यांनी द्रव सोडणारी चीर चाकाच्या अगदी जवळ आणून रुंद पट्टी ओतण्याची रीत बसवली, तिचे पेटंट १९७९ चे.

तुमच्या गल्लीतल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरशी याचा थेट संबंध आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले लोखंड सेकंदाला ५० वेळा उलटसुलट चुंबकित होते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, रात्री सगळे गाव झोपलेले असले तरीही. स्फटिकी पोलादात कणसीमा चुंबकीय क्षेत्रांच्या भिंतींना अडवतात. काचेत अडवायला कणसीमाच नाहीत. त्यात पट्टी जेमतेम २५ मायक्रॉनची, म्हणजे सिलिकॉन पोलादाच्या पत्र्याच्या सुमारे दहाव्या भागाइतकी, आणि विद्युत्रोध जास्त, म्हणून भोवरप्रवाहही क्षीण. बिनभाराचा ऱ्हास साध्या गाभ्याच्या तुलनेत एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी होतो. गंमत पाहा, पट्टी पातळ ठेवणे ही शीतनदराने घातलेली अट होती. ट्रान्सफॉर्मरसाठी तीच सोयीची ठरली.

या फितीची सूक्ष्मरचना दोन्ही बाजूंनी सारखी नसते. चाकाला टेकलेली बाजू अधिक वेगाने थंड होते, पण तिथे अडकलेल्या हवेचे खळगे असतात आणि त्या खळग्यांपाशी संपर्क तुटल्याने दर घसरतो. मोकळी बाजू चकचकीत दिसते, पण ती मागाहून गोठते. चाकाचा वेग कमी पडला की स्फटिक बहुधा आधी या मोकळ्या बाजूवर दिसू लागतात. म्हणून फितीचा क्ष-किरण आलेख काढताना कोणती बाजू वर होती ते वहीत लिहायची सवय लावून घ्या.

जाडीचा हिशेब

काच फितीतून बाहेर पडून कांडीच्या आणि ठोकळ्याच्या रूपात कशी आली, हे समजायला एक छोटे गणित करू. नमुन्याची जाडी 'ज' सेंटीमीटर असेल तर उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाला उष्णता-विसरणांकाने भागून मिळतो. अशा मिश्रधातूंचा विसरणांक सुमारे ०.०२५ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद धरा, आणि पार करायचा तापमानाचा उतार ४०० अंश. गुणाकार येतो १०. म्हणजे शीतनदर साधारण १० भागिले 'ज'चा वर्ग. लिन आणि जॉन्सन यांनी १९९५ मध्ये वापरलेला हा अंदाज पुढे सर्रास रूढ झाला.

आता आकडे घाला. २५ मायक्रॉनच्या फितीसाठी उत्तर सेकंदाला सुमारे १६ लाख अंश. १ मिलिमीटरसाठी १००० अंश. १ सेंटीमीटरसाठी १० अंश. हे फक्त आतल्या उष्णतावहनाचे गणित आहे. साच्याशी संपर्क वाईट असेल तर प्रत्यक्ष दर याहून कमी पडेल. पण यावरून जाडी आणि शीतनदर ही एकाच अटीची दोन नावे आहेत हे स्पष्ट होते. 'एवढ्या जाडीची काच केली' म्हणजे 'एवढ्या कमी दरातही स्फटिक होऊ दिला नाही'.

या नजरेने पुढचा इतिहास वाचा. १९७४ मध्ये चेन यांनी पॅलेडियम-तांबे-सिलिकॉनच्या सुमारे मिलिमीटरभर जाडीच्या कांड्या सेकंदाला १००० अंशांच्या आसपासच्या दराने केल्या. १९८२ मध्ये ड्रेहमन, ग्रीर आणि टर्नबुल यांनी पॅलेडियम-निकेल-फॉस्फरसचा पृष्ठभाग आम्लाने साफ करून अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत मजल मारली. १९८४ मध्ये कुई, ग्रीर आणि टर्नबुल यांनी तोच द्रव वितळलेल्या बोरॉन ऑक्साइडच्या वेष्टनात ठेवला. सोनार डाग देताना टाकणखार वापरतात, त्याच्याच नात्यातला हा पदार्थ. तो द्रवातली ऑक्साइडची घाण ओढून घेतो. काच एक सेंटीमीटर जाडीची झाली. मिश्रधातू तीच होती, नवे यंत्रही आले नव्हते. केंद्रकीभवनाला जागा देणारे कण काढून टाकले एवढेच. टर्नबुल यांनी १९५० मध्ये थेंब बारीक करून जे साधले होते, ते आता द्रव स्वच्छ करून साधले.

पण पॅलेडियम महाग धातू. जपानच्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोउए आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लँथॅनम-ॲल्युमिनियम-निकेल, पाठोपाठ मॅग्नेशियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातू तांब्याच्या साध्या साच्यात ओतून काही मिलिमीटर ते सेंटीमीटर जाडीच्या काचा मिळवल्या. त्यांच्या अनुभवातून तीन अटी निघाल्या : किमान तीन घटक, मुख्य घटकांच्या अणूंच्या आकारात १२ टक्क्यांहून अधिक फरक, आणि मिसळताना उष्णता बाहेर टाकणारे घटक. असा द्रव आधीच गच्च भरलेला आणि चिकट असतो, आणि स्फटिक बनायचा तर अनेक प्रकारच्या अणूंना एकाच वेळी आपापली जागा शोधावी लागते. ग्रीर यांनी १९९३ मध्ये याला गोंधळाचे तत्त्व म्हटले. नाव चपखल आहे, पण नुसते घटक वाढवून काच होत नाही, हे ध्यानात असू द्या. कोणते घटक, याला फार महत्त्व आहे.

१९९३ मध्येच कॅलिफोर्नियात पेकर आणि ड्युवेझ यांचेच शिष्य विल्यम जॉन्सन यांनी झिर्कोनियम-टायटॅनियम-तांबे-निकेल-बेरिलियम ही पाच घटकांची मिश्रधातू जाहीर केली. पुढे तिचा द्रव थेंब विद्युत्क्षेत्रात अधांतरी तरंगत ठेवून, भांड्याचा स्पर्शही होऊ न देता, काल-तापमान-रूपांतर वक्र प्रत्यक्ष मोजला गेला. नाक सुमारे ९०० केल्विनला, आणि तिथला वेळ सुमारे ६० सेकंद. द्रवरेषा १००० केल्विनच्या आसपास धरली तर १०० अंश ६० सेकंदांत पार करायचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड-दोन अंश. प्रयोगातला क्रांतिक दर सेकंदाला एक अंशाच्या आसपास आला. १९९७ मध्ये इनोउए यांच्या गटाने पॅलेडियम-तांबे-निकेल-फॉस्फरसची ७२ मिलिमीटर व्यासाची काच केली, क्रांतिक दर सेकंदाला सुमारे ०.१ अंश. आपल्या सूत्रात ७.२ घालून पाहा, उत्तर ०.२ येते.

काच झाली, तरी शीतनदर पुसला जात नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नाक चुकले, काच झाली, आलेखात पसरट उंचवटा आला. यानंतर शीतनदराचे काम संपले, असे १९६० च्या दशकात अनेकांनी धरले असते. ते संपत नाही.

काचेतली अणूंची मांडणी समजण्यासाठी लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले जे. डी. बर्नाल यांचे प्रतिमान आधाराला घेतले गेले. त्यांनी १९६० च्या आसपास छर्ऱ्यांचे गोळे पिशवीत वेडेवाकडे भरून त्यांचे शेजार मोजले. शिस्तीत रचलेले गोळे ७४ टक्के जागा भरतात, असे वेडेवाकडे भरलेले सुमारे ६४ टक्के. ते द्रवाचा विचार करत होते. धातुकाचेशी या प्रतिमानाची तुलना १९७० मध्ये कारगिल यांनी निकेल-फॉस्फरसच्या आधारे केली. प्रतिमान बरेच जुळले, पण धातूंच्या खऱ्या काचा त्याहून पुष्कळ गच्च असतात. त्यांची घनता त्यांच्याच स्फटिकापेक्षा बहुधा एक-दोन टक्क्यांनीच कमी असते.

या टक्का-दोन टक्क्यांत शीतनदराची नोंद असते. वेगाने थंड झालेला द्रव वरच्या तापमानाला गोठतो, म्हणून त्याच्यात मोकळी जागा अधिक अडकते. सावकाश थंड झालेला खालच्या तापमानापर्यंत स्वतःला आवरत येतो, आणि त्याची काच किंचित घन, किंचित ताठ, पण ठिसूळतेकडे झुकलेली निघते. घनतेतला फरक अर्ध्या टक्क्याच्याही आतला, पण वाकवून पाहिल्यावर जाणवणारा. ट्रान्सफॉर्मरच्या फितीला ताण घालवण्यासाठी तापवतात तेव्हा ती ठिसूळ होते, त्यामागे हीच शिथिलता आहे. म्हणून 'एकाच रासायनिक घडणीची धातुकाच' हे वर्णन अपुरे आहे. ती कोणत्या दराने गोठली आणि नंतर किती तापली, हेही सांगावे लागते.

नाकाला किंचित शिवू देणे हेही आता कौशल्य झाले आहे. १९८८ मध्ये हिताची मेटल्समधल्या योशिझावा यांच्या गटाने लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या काचेत अल्पसे तांबे आणि नायोबियम घातले आणि फीत मुद्दाम तापवली. तांब्याचे पुंजके स्फटिकांना असंख्य ठिकाणी सुरुवात करून देतात, नायोबियम त्यांना वाढू देत नाही. शेवटी काचेत सुमारे १० नॅनोमीटरचे कण दाटीने बसतात, आणि चुंबकीय मृदुता मूळ काचेपेक्षाही वरचढ ठरते. झिर्कोनियमच्या काचांत दुसरी वाट निघाली. नुसती काच ताणली की एकाच कर्तनपट्ट्यात घसरून तुटते, म्हणून २००० साली जॉन्सन यांच्या गटाने थंड होताना काचेत मऊ डेंड्राइट वाढू दिले. ते पट्ट्याला अडवतात. पण ठोकळ्याच्या कडेला दर जास्त आणि मध्यभागी कमी, त्यामुळे डेंड्राइट कुठे बारीक, कुठे जाड. २००८ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी मिश्रण अर्धवट द्रव अवस्थेत काही मिनिटे स्थिर तापमानाला धरले, डेंड्राइट सगळीकडे एकसारखे जाड होऊ दिले, आणि मग उरलेला द्रव वेगाने काच केला. काच मिळवण्याच्या कामात मुद्दाम थांबणे, हे ड्युवेझ यांच्या बंदुकीच्या अगदी उलट टोक आहे.

एक प्रयोग मात्र तुमच्या मनात 'सी' वक्राबद्दल शंका निर्माण करील, करायलाच हवी. १९९९ मध्ये श्रोअर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच पाच घटकांच्या मिश्रधातूवर दाखवले की थंड करताना स्फटिक टाळायला सेकंदाला एक अंश पुरतो, पण गोठलेली काच तापवून परत द्रव करताना स्फटिक टाळायचे तर सेकंदाला सुमारे २०० अंश लागतात. वाट तीच, दिशा उलटी, फरक दोनशेपट. कारण केंद्रके खालच्या तापमानाला भराभर जन्मतात आणि वरच्या तापमानाला भराभर वाढतात. थंड होताना वाढीचा पट्टा आधी येतो, तेव्हा वाढायला केंद्रकेच नसतात. ती जन्मतात तोवर वाढ गोठलेली असते. तापवताना आधी जन्म, मग वाढ. काचेत न दिसणारी केंद्रके आधीच दडलेली असतात आणि ती या वेळी हिशेब चुकता करतात.

शीतनदराची वरची टोकेही पुढे सरकली आहेत. २०१४ मध्ये दोन नॅनोआकाराच्या टोकांमध्ये क्षणिक विद्युत्स्पंद सोडून, म्हणजे जाडी नॅनोमीटरांत आणून, सेकंदाला १ वर १४ शून्ये इतक्या अंदाजित दराने टँटलम आणि व्हॅनेडियम या एकट्या मूलद्रव्यांची काच मिळवली गेली. गोंधळ घालायला दुसरा अणूच नसताना. संगणकावरची प्रतिरूपणे साधारण सेकंदाला अब्ज अंश ते याच्या जवळपासच्या दरांत चालतात. तांबे-झिर्कोनियमच्या अशा प्रतिरूपणात दर जितका कमी करावा तितके वीस फलकांच्या पुंजक्यांतले अणू वाढत जातात. म्हणजे पडद्यावर दिसणारी काच ही तुमच्या प्रयोगशाळेतल्या फितीपेक्षा हजारो पटींनी घाईत गोठलेली असते, आणि तिच्यातल्या पुंजक्यांची टक्केवारी फितीला लावण्याआधी ती कोणत्या दराची आहे ते पाहावे लागते.